फाळक्यावरची थाप

सगळ्यात आधी एक सांगते... मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणाऱ्यातली नाही. मी नर्स आहे. शिरूरच्या एका हॉस्पिटलात बरीच वर्षं काम केलं. तिथल्या आमच्या सिस्टर लोकांकडे एकेक किस्से होते — रिकाम्या खोलीतली बेल वाजते, गेलेल्या पेशंटची चप्पल जागा बदलते. मी डबा खाता खाता ऐकायचे आणि म्हणायचे, "वायरमनला बोलवा." बेल खरंच वायरिंगमुळे वाजत होती, हेही सांगून ठेवते. त्यामुळे या ग्रुपवरचे अनुभव वाचतानाही मी मनातल्या मनात वायरमनच शोधायचे. आता माझ्याच अनुभवाला वायरमन सापडत नाहीये, म्हणून लिहायला बसले.

मी सध्या इंग्लंडमध्ये शेफील्ड नावाच्या शहरात असते. एकटी. शहर चांगलं आहे, माणसंही वाईट नाहीत, पण रस्ते म्हणजे एकतर चढ नाहीतर उतार. घरं एकमेकांना चिकटून, समोर अंगण नाही, त्यामुळे सगळ्यांच्या गाड्या रस्त्याच्या कडेला ओळीनं. दोन गाड्यांच्या मधे जेमतेम एक मावेल एवढी फट, त्यात आपली गाडी मागे घेत घेत घुसवायची, तीही उतारावर. मी केडगावकडची. आमच्याकडे गाडी जिथे थांबते तिथेच लावलेली असते!

माझं काम पेशंटच्या घरी जाऊन ड्रेसिंग करणं, इंजेक्शन देणं. म्हणजे गाडी चालवता यायलाच हवी. लायसन्स माझ्याकडे होतं, पण ते काढल्यावर मी गाडीला हात लावला तो फक्त धुवायला. आपलं लायसन्स तिथे वर्षभर चालतं, त्याच्या आत तिथली परीक्षा पास व्हायची. पास झालं तर नोकरी पक्की, आणि नोकरी पक्की झाल्याशिवाय लांब रजा नाही.

आणि मला रजा हवी होती. मी इंग्लंडला येऊन थोडेच महिने झाले होते, तेव्हा आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू पूर्ण गेली आणि वाचाही गेली. आईनं फोन त्यांच्या तोंडापुढे धरला की ते नुसते बघायचे आणि डोळ्यातून पाणी यायचं. त्यांच्याकडे किती वेळ आहे, ते मला नर्स म्हणून कळत होतं आणि मुलगी म्हणून ऐकायचं नव्हतं. परीक्षा पास झाले तरच आप्पा भेटणार होते... इतकं सरळ होतं ते.

एकटेपणा काय असतो ते मला तिथे कळलं. दिवसभर माणसांत असायचे, पण बोलणं काय, तर दुखतंय का आणि गोळी घेतली का. कोपऱ्यावरच्या दुकानातली बाई मला 'लव्ह' म्हणायची. ती सगळ्यांनाच म्हणते हे कळायच्या आधी मला फार बरं वाटायचं. भांडी घासताना मी उगाच मोठ्यानं मराठी बोलायचे. बेसिनशी! "काय गं, किती तेलकट झालीस..." असं कढईला म्हणायचे आणि मग खोलीत इतकी शांतता व्हायची की नळ परत सोडावासा वाटायचा.

आता आप्पांचं सांगते, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

आमची फुलांची शेती. शेवंती, झेंडू, अ‍ॅस्टर. आप्पांकडे एक जुना पिकअप होता, आमची आणि भावकीची फुलं घेऊन ते पुण्याच्या मार्केटला जायचे आणि सणासुदीला तळेगाव ढमढेरेच्या आठवडे बाजारालाही. बाजारात मी बरोबर असायचे. माझं काम एकच — गाडी मागे घेताना मागे उभं राहायचं आणि फाळक्यावर, म्हणजे मागच्या पडत्या पत्र्यावर, हातानं थाप मारायची. दोन थापा म्हणजे येऊ द्या, जागा आहे. एक थाप म्हणजे बास. एसटीच्या घंटीसारखंच. इंजिनाच्या आणि बाजाराच्या आवाजात ओरडलेलं ऐकू जात नाही, पण पत्र्यावरची थाप ड्रायव्हरला बरोबर समजते.

थाप कशी मारायची तेही आप्पांनीच शिकवलं होतं. "पयली जोरात, दुसरी हळू. दोन्ही जोरात हानल्या की डायवर घाबरतो, स्वाते. दुसरी हळू आली म्हंजी त्याला कळतं, घाई न्हाई."

आप्पा मागे घेताना आरशात बघायचेच नाहीत. इकडे भाजीवाल्या बसलेल्या, तिकडे मिरच्यांचे ढीग, आणि हा माणूस सरळ समोर बघत गाडी मागे सोडायचा. मी एकदा चिडून विचारलं, "आप्पा, एखाद्या दिवशी माझं लक्ष नसलं तर?"

"आरशात बगून काय करू? तू हायस की मागं."

एवढंच म्हणाले. मी तेव्हा सहावी-सातवीत असेन. त्या वाक्यावर मी पुढे कित्येक दिवस ताठ मानेनं फिरले.

तर शेफील्ड. मी एक जुनी छोटी गाडी घेतली आणि पहिल्याच आठवड्यात शेजारच्या केन आजोबांचा कचऱ्याचा डबा चेपला. चूक कुणाची, तुम्हीच ठरवा. मी गाडी लावायला धडपडत होते. केन आजोबा खिडकीतून बघत होते, त्यांना दया आली असावी. बाहेर आले, मागे उभे राहिले आणि हातानं खुणा करायला लागले. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! आपल्यासाठी कुणीतरी मागे उभं आहे. गाडी नीट बसल्यावर त्यांनी डिकीवर दोनदा थाप मारली. त्यांच्याकडे त्याचा अर्थ, झालं, छान, उतर आता.

मी मात्र केडगावची. दोन थापा म्हणजे येऊ द्या! मी बिनधास्त मागे घेतली. आजोबा उडी मारून बाजूला झाले म्हणून वाचले, डबा काही वाचला नाही.

"दोनदा वाजवलं होतं मी!" आजोबा म्हणाले.

"म्हणून तर आले," मी म्हणाले. त्यांना काही कळलं नाही आणि मला रडू यायला लागलं. डब्यासाठी नाही. मागे माणूस आहे, पण त्याची थाप आपली नाही, यासाठी. त्यानंतर आजोबा लांबूनच हात हलवायचे.

हिवाळा सुरू होत होता तेव्हाची गोष्ट. सकाळची पहिली व्हिजिट एका म्हाताऱ्या बाईंकडे असायची. त्यांची गल्ली चांगलीच उताराची. त्या सकाळी एकच जागा रिकामी होती, पुढे एक व्हॅन आणि मागे कुणाची तरी नवीकोरी गाडी. मागची काच धुक्यानं भरलेली. मी रिव्हर्स टाकला, थोडी घेतली, थांबले. तोवर मागून हॉर्न. देवाशपथ सांगते, मला नोकरी सोडून घरी पळून जावंसं वाटत होतं.

आणि मागून आवाज आला. थप... थप.

पहिली जोरात. दुसरी हळू.

मी विचार केलाच नाही. पाय आपोआप क्लचवरून उठला, गाडी मागे गेली. परत — थप, थप. अजून मागे गेली. मग एकच — थप. मी ब्रेक दाबला. उतरून बघितलं तर मागच्या गाडीला वीतभर अंतर ठेवून माझी गाडी कडेला अशी लागलेली, की फोटो काढावा. आणि मागे कुणीही नाही. मघाशी हॉर्न वाजवणारा कधीच निघून गेला होता. फुटपाथ वरपासून खालपर्यंत रिकामा.

मी काय केलं असेल? वायरमन शोधला! त्याच आठवड्यात गाडी गॅरेजला नेली. डिकीचं झाकण सैल आहे का, सायलेन्सर हलतोय का, सगळं बघायला लावलं. मेकॅनिकनं गाडीखाली घुसून बघितलं आणि म्हणाला, काहीच वाजत नाही. डिकीतली माझी बॅगसुद्धा मी मागच्या सीटवर ठेवायला लागले.

थापा येतच राहिल्या. रोज नाही हं. मला सहज जमेल अशी जागा असली की काही नाही. पण फट अरुंद असली, मागे काही दिसत नसलं, की यायच्या. भीती वाटली का, असं तुम्ही विचाराल. खरं सांगते, पहिल्या दिवशी वाटली. नंतर वाटली नाही. नंतर मी मुद्दाम अवघड जागा शोधायला लागले. मोकळी जागा सोडून गल्लीच्या टोकाच्या फटीत शिरायचे, कारण तिथे कुणीतरी असायचं. पूर्ण शहरात माझ्यासाठी थांबणारं तेवढं एकच कुणीतरी होतं.

आईला मी काही सांगितलं नव्हतं. सांगून काय, तिनं लगेच लिंबू-मिरची कुरिअर केली असती. पण एका रविवारी तीच बोलता बोलता म्हणाली,

"आगं, तुज्या आप्पांनी येक नवंच काडलंय. दुपारच्याला पडल्या पडल्या हात आपटत्यात कॉटच्या पट्टीवर."

"हात?"

"व्हय. लोखंडी पट्टी न्हाई का, तिच्यावर. मी म्हनलं पानी हवंय का, न्हाई. कूस बदलू का, न्हाई. नुस्तं आपटायचं आन् वर पत्र्याकडं बगत ऱ्हायाचं."

"कसं आपटतात गं?"

"कसं म्हंजी? आता हाताला काय चाल असती व्हय? दोनदा आपटत्यात. येक जोरात, येक बारीक. मंग जरा येळानं परत. शेवटाला येकदाच."

मी बेडवर बसलेली होते, उठून उभी राहिले. तिथली सकाळ म्हणजे आपल्याकडची दुपार.

"रोज?" मी विचारलं.

"न्हाई. शनवार-रयवारी न्हाई बग. तवा गप झोपत्यात."

शनिवार-रविवारी मला सुट्टी असायची.

मी आईला म्हणाले की स्नायू आखडतात, असं होतं, काळजी करू नको. असं काही नसतं. नर्स म्हणून मी आईशी तेवढं खोटं बोलले आणि फोन ठेवून खूप रडले. पण ते रडणं बरं होतं, कढईशी बोलण्यापेक्षा बरं.

परीक्षेचा दिवस. परीक्षक एक उंच, कमी बोलणारा माणूस, मांडीवर टॅबलेट घेऊन शेजारी बसलेला. बरंच चालवून झाल्यावर म्हणाला, समोरच्या लाल गाडीच्या मागे रिव्हर्स घेऊन लावा. मी रिव्हर्स टाकला. यात चुकले तर परत तारीख मिळेपर्यंत कितीतरी महिने, आणि आप्पांकडे ते महिने आहेत की नाहीत...

थप. थप.

मी आत घेतली. थप, थप. अजून. परीक्षकानं मान वळवून मागे बघितलं. मग आरशात बघितलं. मग पुन्हा पूर्ण वळून मागे बघितलं.

थप. मी थांबले.

"मागे कुणी आहे का?" त्यानं विचारलं.

"कुणी दिसत नाही," मी म्हणाले. हे मात्र खोटं नव्हतं.

त्यानं टॅबलेटवर काहीतरी टिचकी मारली आणि म्हणाला, चला पुढे. मी पास झाले. म्हणजे तो आवाज माझ्या डोक्यातला नव्हता. हे इथल्या ज्या मंडळींना 'स्ट्रेसमुळे भास होतात' असं लिहायची घाई असते, त्यांच्यासाठी मुद्दाम सांगितलं.

त्या दिवसानंतर थापा बंद झाल्या.

मला वाटलं आज येतील, उद्या येतील. मी मुद्दाम वेड्यावाकड्या जागा धरल्या, गाडी अर्धी आत घालून ताटकळत बसले, लोकांच्या शिव्या खाल्ल्या. काही नाही. नुसता वायपरचा आवाज. गाडी मात्र आता एका झटक्यात लागायची. लायसन्स हातात होतं, नोकरी पक्की झाली, सगळे अभिनंदन म्हणाले, आणि मी गाडीत बसून रडत होते की आता मागे कुणी नाही.

रजा मिळाली. घरी आले. केडगाव स्टेशनवरून वस्तीवर येईपर्यंत शेवंतीचा वास यायला लागला होता. आप्पा बाहेरच्या खोलीत कॉटवर होते. एवढासा झाला होता माणूस. मला बघून डोळ्यांतून पाणी आलं, पण ते कुणालाही बघून येतं, असं आई म्हणाली.

"आप्पा, मी गाडी चालवते आता," मी त्यांच्या कानाशी म्हणाले. "तिथे सगळं उतारावर असतं. तरी लावते."

ते बघत राहिले. कळलं की नाही, सांगता येत नाही.

आईला विचारलं, अजून हात आपटतात का? तर म्हणाली, तुझी परीक्षा झाली ना, त्याच सुमारास बंद झालं. मग सहज म्हणून विचारलं, कुठल्या बाजूच्या पट्टीवर आपटायचे?

"हितं," म्हणत तिनं भिंतीकडची बाजू दाखवली. "उजव्या हातानं."

"आई, उजवा हात गेलाय त्यांचा."

"मला कळत न्हाई व्हय? रोज मीच धुती तो हात. पर आपटायचे उजव्यानंच. मला वाटलं सुधारतोय. म्हनून तर तुला सांगितलं हुतं."

मी तो हात तपासला. उचलून सोडला, तर नुसता पडला. नखाशी दाबलं, चिमटा घेतला. काही नाही. त्या हातात बोट हलवण्याइतकीही ताकद नव्हती, हे मी पेशंटच्या कागदावर सही करून लिहीन.

रजा संपली. निघायच्या दिवशी दुपारी गाडी दारात येऊन उभी होती. आई आत माझा डबा बांधत होती. मी आप्पांजवळ बसले. इतके दिवस बोलायला मराठी माणूस नाही म्हणून तळमळत होते, आणि आता समोर आप्पा होते तर तोंडातून शब्द फुटेना.

मग मी कॉटच्या पट्टीवर थाप मारली. पहिली जोरात, दुसरी हळू.

येऊ द्या, आप्पा. अजून जागा आहे. मी परत येईपर्यंत तरी येऊ द्या.

त्यांनी डोळे माझ्याकडे वळवले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा असं वाटलं की ते बघतायत ते मलाच बघतायत. आणि भिंतीकडचा तो उजवा हात चादरीवरून उठला... खूप नाही, चार बोटं उठला असेल... आणि पट्टीवर पडला.

एकदाच.

आतून आईचा आवाज आला, "ऐकलंस का? ह्येच म्हनत हुते मी!"

मी तो हात दोन्ही हातांत धरला. थंड, जड, आधी होता तसाच निर्जीव. एक थाप म्हणजे काय हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. मी त्यांच्या पायावर डोकं ठेवलं आणि गाडीत जाऊन बसले.

मी शेफील्डला पोहोचले आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत आप्पा गेले. झोपेतच, दुपारी. आईचा फोन आला तेव्हा मी तिथली सकाळची व्हिजिट उरकून बाहेर पडत होते. नंतर मी आठवून आठवून बघितलं. त्या सकाळी मी त्याच उताराच्या गल्लीत गाडी लावली होती, मागे काच धुक्यानं भरलेली, फट अरुंद. काही म्हणजे काही ऐकू आलं नव्हतं. ना थाप, ना काही. मी आपली गाडी नीट लावून वर गेले होते.

कुणाकडे याचं उत्तर असलं तर सांगा. वायरिंग म्हणा, स्नायू म्हणा, भास म्हणा, आता मी भांडणार नाही. मला एवढंच माहीत आहे की गेलेला हात उठलेला मी बघितलाय, आणि त्या उंच परीक्षकानं मान वळवलेलीही बघितलीय.

गाडी मी आता चांगली चालवते. केन आजोबांचा नवा डबाही शाबूत आहे. फक्त एक सवय राहिलीय. कितीही थंडी असो, पाऊस असो, रिव्हर्स टाकायच्या आधी मी मागच्या दाराची काच थोडी खाली करते.